वाफेची टिचकी

ज्योत्स्ना वाजगेच्या गळ्यात हार पडला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या, पण आवाज येणार नाही अशा. मत्सर वाईट असतो म्हणतात. असेल. मी काही तो हौसेनं केला नव्हता. सतरा वर्षं जिच्या डब्यातली भाजी खाल्ली ती मैत्रीण व्यासपीठावर, आपण तिसऱ्या रांगेत, आणि साहेब माइकवरून सांगतायत, "यापुढे आपल्या बाराही कारखान्यांत वाजगेबाईंचाच हात चालणार!" अशा वेळी जिच्या पोटात दुखणार नाही अशी बाई मला दाखवा.

आमचा कारखाना नारायणगावच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडा आत. काम टोमॅटोचा गर काढायचं. टोमॅटो धुऊन, निवडून, गाळून त्याचा रस होतो आणि तो रस इव्हॅपरेटरमध्ये, म्हणजे आटवायच्या यंत्रात जातो. हे यंत्र तीन मजले उंच. आतली हवा काढून घेतली की रस सत्तर अंशांच्या आतच उकळायला लागतो, त्यामुळे त्याचा रंग जात नाही आणि चवही टिकते. रस नळ्यांमधून वाहतो, नळ्यांच्या बाहेरून वाफ. रस जरा रेंगाळला की नळीला आतून साय धरते, साय करपते आणि काळे कण गरात उतरतात. मग चार टन माल गटारात. वाफ किती सोडायची, रस किती वेगानं सोडायचा आणि सगळं थांबवून नळ्या गरम पाण्यानं कधी धुवायच्या, एवढ्या तीन गोष्टींवर सगळा खेळ. लवकर धुतलं तर वेळ फुकट, उशिरा धुतलं तर माल फुकट. पहिल्या तोड्याचा टोमॅटो वेगळा, शेवटच्या तोड्याचा वेगळा, अवकाळीत भिजलेला म्हणजे नुसतं लाल पाणी. हे पुस्तकातून शिकता येत नाही. सकाळची पाळी ज्योत्स्नाची, दुपारी तीनपासूनची माझी. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो आणि नोकरीलाही एकाच आठवड्यात लागलो.

२०३५ च्या हंगामात पुण्याहून इनामदार मॅडम आल्या. नाझनीन इनामदार, वय तिशीच्या आसपास, बोलायला गोड. त्यांनी सगळ्या पाइपांना आणि नळ्यांना बाहेरून काचेचा धागा गुंडाळला. केसाहून बारीक. त्याच्या एका टोकातून प्रकाश सोडायचा. धाग्यातून जाताना त्यातला थोडा प्रकाश जागोजाग उलटा परततो, आणि पाइप जिथे थरथरला तिथून परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. आत रस दाट झाला, पातळ झाला, कुठे साय धरायला लागली, की पाइपाची थरथर बदलते. म्हणजे एक भोकही न पाडता आत काय चाललंय ते हातभर अंतराच्या हिशेबानं कळायचं. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरनं पोटाला नळी लावून आतलं ऐकावं तसंच ते.

पण खरी गोष्ट पुढे होती. धागा ऐकायचा, आणि पॅनेलवर आम्ही कोणती कळ कधी दाबतो तेही नोंदलं जायचं. पाइप काय म्हणाला आणि त्यावर माणसानं काय केलं, अशा लाखो जोड्या दोन हंगामांत जमल्या. त्यातून मॅडमच्या यंत्रणेनं एक जुळं तयार केलं. ते रक्तामांसाचं नव्हतं. अमुक आवाज आला तर ही बाई काय करेल, एवढंच त्याला ठाऊक. सगळ्या कारखान्यांतल्या सगळ्या ऑपरेटरांचे निकाल लावले, तेव्हा शंभरातल्या एक्क्याण्णव वेळा अचूक निर्णय एकीचे निघाले. ज्योत्स्ना वाजगे. मग तिचं जुळं बारा कारखान्यांत बसवलं. सकाळी यंत्र चालू केलं की पडद्यावर अक्षरं यायची, 'ज्योत्स्ना आपल्या सेवेत.'

आणि यादीत माझ्या नावापुढे काय होतं? 'अलका डुंबरे: नोंदी अपुऱ्या.'

नापास असते तरी चाललं असतं. सतरा वर्षांच्या नोंदी अपुऱ्या!

सत्कारानंतरच्या आठवड्यात औटी साहेबांनी, आमच्या मॅनेजरांनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

"डुंबरेबाई, आता पॅनेलवर एका माणसाला दोन पाळ्या सांभाळता येतात. जुळं आहे ना. तेव्हा दोन महिन्यांनी तुम्हाला निवडणीच्या पट्ट्यावर घेऊ म्हणतोय."

निवडणीचा पट्टा म्हणजे पुढून टोमॅटो सरकत जातात आणि सडके उचलून बाजूला टाकायचे. आठ तास. नोकरीच्या पहिल्या महिन्यात ते केलं होतं.

"आणि वाजगे?" मी विचारलं.

"त्या तेव्हापासून प्रशिक्षक. बारा ठिकाणी फिरणार." साहेब हसले. "तुमची मैत्रीणच की. तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा."

घरी आले तर आमच्या ह्यांनी, सुदामनी, पेपर समोर धरला. "वाजगेबाईचा फोटो आलाय बघ. कसली हुशार बाई! तुझ्याबरोबरचीच ना गं?" त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

तोवर मला पॅनेलसमोर नुसतं बसायचं होतं. जुळं चालवणार, मी बघणार. मी बघत होते ते चुका काढायला. ज्योत्स्नाला मी ओळखते, ती धुवायला नेहमी घाई करते. पण यंत्र घाई करत नव्हतं. आणि एका दुपारी ते धुण्याआधी थांबलं, वाफ पाच टक्क्यांनी खाली आणली, एक श्वासभर वाट पाहिली आणि झटक्यात सातानं वर नेली.

माझ्या हातातला चहा सांडला.

आमचा वाफेचा व्हॉल्व्ह जुना. चाळिसाच्या आसपास तो अडकतो. त्याला सोडवायला मी एक युक्ती काढली होती. पाच खाली, श्वास, सात वर. मी त्याला टिचकी म्हणायचे. कुणी शिकवली नव्हती. ज्योत्स्ना कधीच मारायची नाही, तिला धीर नाही. व्हॉल्व्ह अडकला की ती फिटरला हाका मारायची.

मग ही टिचकी ज्योत्स्नाच्या जुळ्यात आली कुठून?

उत्तर माझ्या नाकासमोर चिकटवलेलं होतं. पॅनेलला कार्ड दाखवल्याशिवाय कळा चालत नाहीत, आणि दर दहा मिनिटांनी ते पुन्हा कार्ड मागतं. ओले हातमोजे काढा, खिशातून कार्ड काढा, दाखवा, पुन्हा घाला, कोण करतंय? म्हणून कुठल्याशा संक्रांतीला वाणात आलेली साबणाची डबी आम्ही पॅनेलवर चिकटवली होती आणि ज्योत्स्नाचं कार्ड कायमचं त्यात ठेवलं होतं. तिचं अशासाठी, की नवी कार्डं आली तेव्हा तिचं आधी आलं. बस. दोन्ही पाळ्या तिच्याच कार्डावर. माझं स्वतःचं कार्ड मी वापरलं फक्त चार दिवस. ती लेकीच्या साखरपुड्याला गेली तेव्हा चुकून कार्ड घेऊन गेली होती, आणि त्या चार दिवसांत आलेला माल अवकाळीत भिजलेला होता. त्या माझ्या अपुऱ्या नोंदी.

हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. पण आपल्याला मुद्दाम डावललंय असं एकदा मनानं घेतलं की माणूस साधा हिशेबही करत नाही. दोन महिने मी ज्योत्स्नावर जळत होते, आणि त्या यंत्रात निम्मी मीच बसलेली होते.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मी तिला कँटीनच्या मागे गाठलं.

"ज्योत्स्ने, ती टिचकी माझी हाय."

"कसली टिचकी?"

"वाफेची. येड पांघरू नको."

तिनं कँटीनच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "मला माहितीये."

"कधीपासून?"

"सत्काराच्या आधीपासून. मॅडमनी विचारलं, हे कुठून शिकलात. मी म्हटलं, अनुभवानं येतं."

"आणि तुला लाज नाय वाटली?"

"वाटली की. पण अलके, इतके दिवस माझ्या कार्डावर काम केलंस, तवा नाय आठवलं तुझं-माझं?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "मला जन्मात कुणी उठून खुर्ची दिली नव्हती. आता देत्यात. तू सांगितलंस तर सगळीकडचं नाव पुसतील. तुझं लिहितीलच असं काय नाय."

"आयत्या बिळावर नागोबा," मी म्हटलं.

"म्हण काय म्हणायचं ते," म्हणाली आणि गेली.

त्या रविवारी मी दोन हंगामांच्या हजेरीवहीच्या झेरॉक्स काढल्या. कोणत्या दिवशी दुपारी पॅनेलवर कोण होतं ते त्यात पेनानं लिहिलेलं आणि सह्यांसकट. सोमवारी इनामदार मॅडम येणार होत्या. त्यांच्यापुढे कागद ठेवायचे आणि म्हणायचं, हा अर्धा हात माझा. पट्ट्यावर जायची वेळ आली तरी जाईन, पण नाव घेऊन जाईन. वाक्यं पाठ केली होती.

सोमवारी सकाळी कळलं, की नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या कारखान्यात शनिवारी वाफेच्या पाइपाचा जोड फुटला आणि रामनाथ गांगुर्डे नावाचा ऑपरेटर भाजला. उजवा हात कोपरापर्यंत.

कारण दुपारपर्यंत बाहेर आलं. टिचकी. तिथले व्हॉल्व्ह नवे, विजेवर चालणारे, डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडमीट करणारे. ते अडकत नाहीत, त्यांना टिचकी लागतच नाही. पण जुळ्याला हे कोण सांगणार? त्याला एवढंच माहीत, की धुण्याआधी अशी टिचकी मारली की निकाल चांगला लागतो. आमच्याकडचा व्हॉल्व्ह सुस्त, म्हणून झटका पाइपापर्यंत पोचायचा नाही. तिथे मात्र वाफ खरोखर एकदम कमी व्हायची, पाइपात उरलेल्या वाफेचं पाणी व्हायचं आणि मागून एकदम आलेली वाफ ते पाणी पुढे हाणायची. बंद पाइपात धावणारं पाणी दगडासारखं आदळतं. महिनाभर जोडानं ते सोसलं आणि शनिवारी तो सुटला.

खरं सांगते, ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? बरं झालं, नाव तिचं आहे.

चौकशीला तिघं बसले. औटी साहेब, मुख्य कचेरीतले एक सुरक्षा अधिकारी आणि मॅडम. आम्हा दोघींना एकदमच बोलावलं. मॅडमचा चेहरा उतरला होता. त्यांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. खाली, थांबून, वर.

"वाजगेताई, दोन हंगामांत हे तीनशे चाळीस वेळा झालंय, तुमच्या नावावर. का करायचात ते सांगाल?"

ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता बोट दाखवेल. दाखवायलाच हवं होतं. एका वाक्यात सुटली असती.

"सवय होती," ती म्हणाली. "मीच मारायचे."

"म्हणजे ही तुमचीच पद्धत?"

"हो. माझीच."

मग माझ्या लक्षात आलं. मला वाचवायला नव्हती बोलत ती. हा दोष तिनं स्वीकारला तर जुळं तिचंच राहणार होतं. वाईटासकट, पण तिचं. टिचकी माझी म्हटलं की बाकीचंही कुणाकुणाचं ते उकरलं जाणार. एवढ्या दोषालाही ती पदरातून सुटू देत नव्हती.

आणि मी? पर्समध्ये कागद होते. गप्प बसले असते तर वाजगेबाई गेली असती आणि पॅनेल कदाचित मला मिळालं असतं. हे सगळं मला कळत होतं. तरी डोक्यात तिडीक उठली.

"खोटं बोलती ती!" मी उभीच राहिले. "तिला जमत नाय ती टिचकी. माझी हाय. करून दाखव म्हणावं तिला!"

सुरक्षा अधिकारी माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या नोकरीत दोष स्वतःकडे ओढून घ्यायला भांडणाऱ्या दोन बायका पहिल्यांदाच आल्या असाव्यात.

"डुंबरेबाई, काय बोलताय कळतंय का?" औटी साहेब म्हणाले. "माणूस भाजलाय तिथे."

"कळतंय."

"अलके, बस खाली," ज्योत्स्ना दातओठ खात म्हणाली.

"तू आधी मारून दाखव."

सगळे पॅनेलपाशी गेलो. मॅडमनी जुनी रेघ पडद्यावर ठेवली आणि नवी तिच्याखाली उमटेल असं केलं. यंत्रात नुसतं पाणी फिरत होतं. ज्योत्स्नानं पाच खाली आणलं, लगेच वर नेलं. व्हॉल्व्ह अडकला. पुन्हा केलं, तेव्हा फार थांबली. तिसऱ्यांदा पाचाऐवजी आठ खाली आणलं. रेघ भलतीकडेच गेली. मला तेव्हा तिची दया यायला हवी होती. आली नाही.

मी पुढे झाले. पाच खाली. श्वास. सात वर. व्हॉल्व्ह सुटल्याचा आवाज मला पायाखाली कळला. नवी रेघ जुन्या रेघेवर अशी बसली, की खालची दिसेना.

"हीच," मॅडम हळूच म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी त्या क्षणी छाती काढून उभी होते.

मग झेरॉक्स दाखवल्या, साबणाची डबी दाखवली. मॅडम खाली बसल्या.

"सोळा-सोळा तास एकच बाई काम करती असं तुम्हाला वाटलं तरी कसं?" मी विचारलं.

"वाटलं, नोंद पाळीप्रमुखाच्या नावानं होत असेल," त्या म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं. यंत्रणेनं मला विचारलं होतं, ही टिचकी ठेवू का. मी म्हटलं, ठेव, सगळ्यात चांगली ऑपरेटर करते म्हणजे काहीतरी कारण असेल."

त्याच संध्याकाळी बाराही कारखान्यांतलं जुळं बंद झालं. कोणती कळ कुणी दाबली ते हजेरीवहीवरून अर्धंमुर्धंच कळत होतं, आणि बाकीच्यातून आणखी काय निघेल याची कुणाला खात्री देता येईना. दोन हंगामांच्या सगळ्या नोंदी बाद केल्या. पडद्यावरचं ज्योत्स्नाचं नाव गेलं. माझं लिहिलं नाहीच. कार्ड दुसऱ्याला वापरू दिलं म्हणून तिला आणि वापरलं म्हणून मला, दोघींनाही निवडणीच्या पट्ट्यावर धाडलं. समोरासमोर. मधून टोमॅटो जात राहतात.

अहवाल महिन्याभरानं आला, एकेक प्रत दोघींना. सातव्या पानावर छापलं होतं, 'सदर सवयीचे मूळ: श्रीमती अलका सुदाम डुंबरे.' कारखान्याच्या कुठल्याही छापील कागदावर माझं पूर्ण नाव आलं ते पहिल्यांदा. आणि मला आनंद झाला. लपवत नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. मग पान उलटलं, तर पुढच्या पानावर गांगुर्डेंच्या हाताचा फोटो होता.

ज्योत्स्ना पलीकडून बघत होती. "सातवं पान वाचलंस?" तिनं विचारलं.

"हं."

"पूर्ण नाव लिहिलंय तुझं," ती म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते मला ओळखू आलं. दोन महिने ते माझ्या पोटात होतं. मी फोटोचं पान तिच्यापुढे धरलं. तिनं नजर वळवली आणि एक सडका टोमॅटो उचलला.

त्या गुरुवारी रजा टाकून मी नाशिकची एसटी पकडली. कुणाला सांगितलं नाही. तिथे जाऊन काय बोलायचं ते माहीत नव्हतं. या खेपेला वाक्यं पाठ होत नव्हती.

रामनाथ गांगुर्डे पंचेचाळिशीचा माणूस. घरी खाटेवर बसून डाव्या हातानं चमचा धरायला शिकत होता. बायको शेजारी. मी नारायणगावच्या कारखान्यातून आले म्हटल्यावर तो सरसावून बसला.

"तुम्ही ज्योत्स्नाबाई ना?" तो म्हणाला. "मी ओळखलंच. रोज सकाळी यंत्र लावलं की तुमचं नाव यायचं पुढं." तो बायकोकडे वळला. "याच त्या. यांच्या हातावर चालायचा आमचा कारखाना." मग पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "लोक म्हणत्यात यंत्राचा दोष. पण तुमचा नाय, बाई. तुमचा हात चुकायचा नाय. म्हणून तर मी बिनधास्त जवळ उभा ऱ्हायचो."

बायकोनं मला बसायला खुर्ची सरकवली.

'हो' म्हणणं फार सोपं होतं. त्याचा राग नव्हता, गैरसमज माझा नव्हता, आणि ज्योत्स्नाला कधी कळलंही नसतं. जे नाव पुसावं म्हणून मी जळत होते त्याच नावामागे लपता येत होतं, आणि मला लपायचं होतं.

"मी ज्योत्स्ना नाय," मी म्हटलं. "माझं नाव अलका डुंबरे."

त्याला ते नाव माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तो पुढचं ऐकायला थांबला, चमचा तसाच हातात धरून.

मी खुर्चीवर न बसता त्याला टिचकीचं सांगायला सुरुवात केली.